माथ्यावरचे दुकान

माथेरान हे नाव ऐकले, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे छोटी आगगाडी, घोडे, माकडे आणि चिक्की एवढ्याच गोष्टी उभ्या राहतात. प्रवासी येतात, दरीच्या कडांवर उभे राहून सूर्यास्त पाहतात, छायाचित्रे काढतात आणि चिक्कीचे पुडे घेऊन खाली उतरतात. बाजारपेठेच्या एका टोकाला, चपला, टोप्या आणि वेताच्या काठ्या यांची झगमग जेथे संपते तेथे, एक जुने किराणा दुकान आहे. त्याच्याकडे यांपैकी फारसे कोणी वळत नाही. वळलेच, तर काडेपेटी नाही तर पाण्याची बाटली घेण्यापुरते. परंतु गावाला बारा महिने गाव म्हणून नांदावयाचे असेल, तर त्याला सूर्यास्तापेक्षा तांदूळ अधिक लागतो. आणि तो या दुकानात मिळतो.

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील हा डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी नावाची फोड सांगतात. १८५० साली ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे या रानात चढून आले. त्यानंतर येथे बंगले उठले, पायवाटा रुंदावल्या आणि थंड हवेचे ठिकाण म्हणून गावाचा लौकिक झाला. ठाकर, कातकरी आणि धनगर मात्र या डोंगराच्या अंगाखांद्यावर त्याआधीपासूनच वावरत होते, हे विसरून चालणार नाही. १९०७ साली सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेल्या दोन फूट रुंदीच्या मार्गावरून नेरळहून आगगाडी वर येऊ लागली. आज नेरळहून मोटारीची सडकही आहे. पण ती दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे गावात मोटारीला बंदी आहे. २००३ साली केंद्र सरकारने हा सारा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला. २०२२ च्या अखेरीस विजेवर चालणाऱ्या थोड्याशा रिक्षा चाचणीसाठी सुरू झाल्या खऱ्या, पण त्या माणसांची ने-आण करण्यासाठी होत्या. पोत्यांना पूर्वीपासून एकच वाहन ठाऊक आहे, ते म्हणजे घोडा. घोडा नसेल तेथे हातगाडी, आणि हातगाडी चालत नसेल तेथे माणसाचे डोके.

दस्तुरीपासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. अंतर ते काय! शाळकरी मूल पाऊण तासात चालून जाईल. पण या अडीच-तीन किलोमीटरांनीच दुकानाला त्याचा स्वभाव दिला आहे.

दुकान जांभ्या दगडाच्या जोत्यावर उभे आहे. तीन पायऱ्या चढल्या, की लाकडी फळ्यांचा दर्शनी भाग लागतो. सकाळी फळ्या क्रमाने काढून भिंतीशी रचावयाच्या आणि रात्री त्याच क्रमाने बसवावयाच्या. प्रत्येक फळीवर खडूने आकडा घातलेला आहे. समोर तारेची जाळी आहे, ती चोरांसाठी नव्हे, माकडांसाठी. गावातील माणसांना येथे उधार मिळते, हे माकडांना बहुधा कळले असावे. ती पैसे न देताच केळी उचलतात आणि समोरच्या जांभळीवर बसून दुकानदाराच्या देखतच सोलतात.

आत शिरले, की आधी वास येतो. गूळ, रॉकेल, सुके खोबरे, नवे कोरे तागाचे पोते आणि घोड्यांसाठी ठेवलेला गव्हाचा कोंडा यांचा तो मिळून एक वास आहे, आणि डोळे मिटून आलेल्या गावकऱ्यालाही तो कोठे उभा आहे हे सांगून जाईल. डाव्या हाताला धान्याची पोती, त्यांची तोंडे खाली मुडपून ठेवलेली. उजव्या हाताला बरण्या आणि पत्र्याचे डबे. आढ्याला सुतळीचा गुंडा टांगलेला. पुडी बांधून झाली, की दुकानदार एका झटक्याने सुतळी तोडतो. मागच्या मांडणीवर कंदिलाच्या काचा, वाती, मेणबत्त्या, गवती झाडू, छत्र्यांच्या काड्या, घोड्याचे नाल व खिळे, खरारा, शाळेच्या वह्या आणि पाट्या. विजेवर चालणारा नवा काटा गल्ल्याशेजारी बसविला आहे. पण जुना लोखंडी तराजू काढून टाकलेला नाही. पावसाळ्यात वीज गेली, की नवा काटा आंधळा होतो आणि जुना तराजू पुन्हा कामाला लागतो.

दुकानदाराला सारा गाव काका म्हणतो. त्यांचे वडील याच गादीवर बसत. काका बोलतात कमी, आणि बोलताना हातातील काम थांबवीत नाहीत.

एका वर्षी मे महिन्यात ठाण्याचा एक मुलगा सुट्टीसाठी आपल्या आत्याकडे आला होता. आत्याचे यजमान एका खाणावळीत हिशेब लिहीत. मुलगा सातवीत जाणार होता. गणितात हुशार, आणि गणितात हुशार असलेल्या मुलांप्रमाणे थोडा आगाऊ. आत्या त्याला रोज सकाळी पिशवी देऊन दुकानात पाठवी. चौथ्या-पाचव्या दिवशी कांदे घेताना त्याने भाव ऐकला आणि सरळ विचारले, "काका, ठाण्याला कांदा किलोमागे पाच रुपयांनी स्वस्त आहे. इथे एवढा महाग का?"

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइके उभी होती. ती हसली. काका कांद्यांवरची सैल साले झाडीत होते.

"असेल," ते म्हणाले. "उद्या पहाटे उठवेल का तुला?"

"उठेन की."

"मग साडेपाचला इथे ये. आत्याला सांगून ये हो."

दुसऱ्या दिवशी मुलगा काकांबरोबर दस्तुरीला गेला. रस्ता तांबड्या मातीचा. दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा आणि अंजनी यांची गर्द झाडी. तिच्यातून उजाडत होते. नाक्यावर नेरळहून आलेला टेंपो उभा होता. हमालांनी माल उतरवला: कांदे, बटाटे, तांदूळ, साखर, तेलाचे डबे. काकांनी प्रत्येक पोत्याखाली हात घालून पाहिला. ओलसर लागले, ते बाजूला ठेवले. मग घोडेवाले आले. घोड्याच्या पाठीवर जाड गादी टाकून दोन्ही अंगांना सारखे वजन टांगावयाचे असते. एक बाजू जड झाली, की ओझे सरकते आणि घोड्याच्या पाठीला जखम होते. जखमी घोडा पुढे कित्येक दिवस कामाचा राहत नाही. म्हणून घोडेवाला पोती नुसती मोजीत नाही, हाताने तोलतो. मुलाने पाहिले, की एका कांद्याच्या पोत्याला जोडीदार मिळेना, तेव्हा घोडेवाल्याने दुसऱ्या अंगाला बटाट्याचे पोते लावले, त्यातून थोडे बटाटे काढले, पुन्हा लावले, आणि घोडा सरळ उभा राहिल्यावरच दोर आवळला.

वर येता येता चढ लागला, तेव्हा काका म्हणाले, "आता हिशेब मांड. नेरळच्या घाऊक व्यापाऱ्याचा भाव मी तुला सांगतो. त्यावर टेंपोचे भाडे. उतरविण्याची हमाली. मग घोड्याची खेप. मग दुकानात चढविण्याची हमाली."

मुलगा चालता चालता बोटांवर बेरीज करू लागला. किलोमागे किती पडले, हे काढावयास त्याला बाजारपेठ दिसेपर्यंत वेळ लागला. जास्तीच्या पाच रुपयांतले चार वाटेतच संपले होते.

"म्हणजे तुम्हाला एकच रुपया जास्त राहतो," तो म्हणाला.

"सडलेले कांदे धरलेस का?"

ते त्याने धरले नव्हते.

येथे आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कांदे-बटाट्याचा भाव दुकानदाराला ठरविता येतो. बिस्किटाच्या पुड्याचा येत नाही. पुड्यावर किंमत छापलेली असते आणि तिच्यापेक्षा अधिक घेणे कायद्याने गुन्हा आहे. ती छापणाऱ्याला मुंबईतले दुकान आणि माथेरानचे दुकान यांत फरक दिसत नाही. त्यामुळे पुडा घोड्यावर बसून तीन किलोमीटर आला, तरी त्याच्या भाड्याचे पैसे कोणाच्याच खिशातून येत नाहीत. ते काकांच्या नफ्यातून जातात. चिक्की घेताना घासाघीस करणाऱ्या प्रवाशाने याचा विचार करावा, अशी अपेक्षा नाही. पण ज्याला हिशेब येतो त्याला तो करता येईल.

त्या दिवसापासून मुलगा दुकानात थोडा अधिक रेंगाळू लागला. पुड्या बांधावयास शिकला. पोत्यातील मालाचे नाव खडूने पाटीवर लिहू लागला. दुपारी प्रवाशांची वर्दळ ओसरली, की डोंगराच्या कुशीतील वाड्यांवरची माणसे येत. ठाकर बाया डोक्यावर करवंदांच्या नाही तर जांभळांच्या पाट्या घेऊन उभा चढ चढून येत. वन ट्री हिलजवळ शिवाजीची शिडी म्हणून ओळखली जाणारी एक पायवाट आहे. तीवरून रिकाम्या हाताने उतरतानाही शहरी माणसाच्या गुडघ्यांना कंप सुटतो. या बाया फळे विकून आलेल्या पैशांतून मीठ, मिरची, तेल, काड्यापेटी एवढेच घेत आणि ऊन कलण्याआधी परत फिरत. त्यांचे सामान काका आधी बांधून देत. हॉटेलचा नोकर मोठी यादी घेऊन उभा असला, तरी त्याला थांबावे लागे. "त्यांना अंधाराच्या आत उतरायचे आहे, तुला नाही," एवढेच काका म्हणत.

उधारीची वही मात्र मुलाने पाहिली, ती योगायोगाने. गल्ल्यावर काका नव्हते आणि आत्याचे सामान नावे मांडावयाचे होते. लांबट लाल वही. प्रत्येक घराला एक पान. आत्याचे पान शोधताना त्याच्या हाताखालून इतर पाने गेली. घोडेवाले, हमाल, रिक्षा ओढणारे, खाणावळीतले आचारी, चपला शिवणारे. बहुतेक पानांवर जून ते ऑक्टोबर या महिन्यांत ओळीच ओळी होत्या, आणि जमेच्या बाजूला काही नव्हते.

याचे कारण पाऊस. माथेरानात वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ढग घरात शिरतात. नेरळ ते अमन लॉज हा आगगाडीचा मार्ग पावसाळ्यात बंद ठेवावा लागतो. सुट्टीच्या दिवशी धबधबे पाहणारी माणसे येतात, पण उन्हाळ्यातील गर्दी कोठून असणार? घोड्यावर कोणी बसत नाही, खाणावळीत ताटे मांडली जात नाहीत. कमाई आटते, भूक आटत नाही, आणि घोड्याची तर मुळीच नाही. त्याला चंदी द्यावीच लागते. हे चार महिने गाव या वहीवर जगतो. दिवाळीला प्रवासी आले, की घोडेवाला पहिल्या कमाईतून वहीकडे वळतो. उरलेले मे महिन्यात फिटते.

पावसाळ्यासाठी माल भरणे, ही या दुकानातील सर्वांत मोठी घाई. मे संपता संपता घोड्यांच्या खेपा वाढतात. तांदळाची पोती जमिनीला टेकू द्यावयाची नाहीत. खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून वीतभर अंतर. मीठ चिनी मातीच्या बरणीत, कारण पोत्यातले मीठ जुलैत पाणी होऊन वाहून जाते. गुळाला पाझर फुटतो, म्हणून तो पत्र्याच्या डब्यात. काड्यापेट्या तांदळात पुरून ठेवावयाच्या, नाही तर श्रावणात दहा काड्या ओढल्यावर एक पेटते. दर्शनी बाजूला गवताच्या तट्ट्या बांधावयाच्या. एवढे करूनही ऑगस्टात पिठाला वास येतोच. पण आला म्हणून कोणी तक्रार करीत नाही.

नेहमीचा पाऊस गावाला ठाऊक असतो. नेहमीच्यापेक्षा वेगळा आला, म्हणजे कठीण. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत आगगाडीचा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला आणि गाडी पुन्हा सुरू व्हावयास २००७ चा मार्च उजाडला. मार्गाला शंभर वर्षे पुरी होण्याचे ते वर्ष. २०१९ च्या पावसात मार्ग पुन्हा उखडला. नेरळहून गाडी वर आली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. तरीही या दोन्ही वेळा गावाच्या वाट्याला प्रवासी येत राहिले, सडकेने का होईना.

२०२० साली तेही आले नाहीत.

मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी लागली. एप्रिल आणि मे हे माथेरानचे सुगीचे महिने. शेतकऱ्याला जशी पिके, तसे या गावाला ते महिने. त्या वर्षी बाजारपेठेतील तांबड्या रस्त्यावर माकडांखेरीज कोणी फिरत नव्हते. सुगी बुडाली आणि तिच्या पाठोपाठ पावसाळा उभा राहिला. म्हणजे आदल्या पावसाळ्याची राहिलेली बाकी फिटली नाही, तोच नवी मांडावयाची वेळ आली.

काकांचीही एक वही होती, पण ती त्यांच्या दुकानात नव्हती. नेरळच्या घाऊक व्यापाऱ्याकडे होती, आणि तिच्यात काकांचे नाव होते. खाली पैसे दिल्याशिवाय वर माल येणार नव्हता. वरून पैसे येत नव्हते. अशा वेळी दुकानदाराने काय करावे? उधार बंद करावी, हे व्यापाराचे उत्तर झाले, आणि ते चुकीचे आहे असेही म्हणता येणार नाही. दुकानच बुडाले, तर गावाला त्याचा काय उपयोग?

काकांनी उधार बंद केली नाही, पण आखडती घेतली. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, चहा, साखर आणि चंदी एवढेच नावे मांडावयाचे. बाकी सारे रोखीने. साबण अर्ध्या वडीने. तंबाखू नाही. यावरून बोलाचाली झाल्या. एक हमाल तंबाखूसाठी पायरीवर अडून बसला आणि उठताना नको ते बोलला. काकूंचे दागिने त्या वर्षी नेरळला गेले, असे गावात म्हणतात. काकांनी ते कधी सांगितले नाही, आणि त्यांना विचारण्याइतके धीट कोणी नाही.

त्या वर्षीची पाने मुलाने पाहिली. काही पानांवर आडवी रेघ होती. म्हणजे बाकी फिटली. कोठे दोनशे, कोठे पन्नास असे करीत दोन-दोन वर्षे जमा होत गेले होते. एका पानावर जमेच्या बाजूला पैशांऐवजी 'छप्पर शाकारले' असे लिहिले होते आणि पुढे रक्कम. आणि काही पानांवर रेघ नव्हती. त्यांतला एक घोडेवाला घोडा विकून खाली उतरला होता. कल्याणच्या बाजूला कोठे तरी रखवालदारी करतो, असे कोणी म्हणे.

"काका, हे आता परत येणार नाहीत ना?"

काका आत आले होते. त्यांनी वही मिटली नाही की हिसकावूनही घेतली नाही. "माणूस की पैसे?" त्यांनी विचारले.

मुलाला काही सुचेना. "पैसे," तो म्हणाला.

"ते मला ठाऊक नाही."

"मग हे पान नव्या वहीत का लिहिले?"

दर दिवाळीच्या पाडव्याला दुकानात नवी वही येते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढतात आणि मग जुन्या वहीतील मागील बाकी एकेका नावापुढे नव्या वहीत ओढतात. त्या घोडेवाल्याची बाकी अशीच प्रत्येक पाडव्याला पुढे ओढली गेली होती. अक्षर तेच, रक्कम तीच, खाली एकही नवी ओळ नाही.

"बाकी आहे, म्हणून लिहिली," काका म्हणाले, आणि आत्याच्या पानावर अर्धा किलो तूरडाळ मांडून त्यांनी वही त्याच्याकडे सरकवली. "ही बेरीज तपास. काल रात्री दिवे नव्हते."

मुलाने बेरीज तपासली. एके ठिकाणी सात रुपये कमी धरले गेले होते. आत्याच्या बाजूने की दुकानाच्या, हे ठरविताना त्याला दोनदा आकडे पाहावे लागले. सात रुपये दुकानाचे होते. त्याने सांगितले, काकांनी आकडा सुधारला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलगा ठाण्याला परत निघाला, तेव्हा दुकानावर तट्ट्या चढत होत्या. पश्चिमेकडे ढग जमले होते आणि हवा थबकली होती. दस्तुरीच्या वाटेवर त्याला समोरून घोड्यांची रांग येताना भेटली. तांदळाची पोती, त्यांवर पिवळे मेणकापड. सर्वांत मागच्या घोड्याचे ओझे एका अंगाला किंचित कलले होते. मुलगा थांबला, घोडेवाल्याला हाक मारून त्याने ते दाखविले, आणि घोडेवाला दोर सोडून पुन्हा बांधीपर्यंत तो घोड्याच्या तोंडाशी लगाम धरून उभा राहिला.